पेशंटच्या आधी फोन पोचावा: मुंबईत इन्फेक्शन कंट्रोलच्या लोकांचा गट कसा बांधायचा

काही वर्षांपूर्वी मी उपनगरातल्या एका तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून काम करत होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून एक आजोबा आमच्याकडे आले. लघवीची नळी, पाठीला बेडसोर आणि सोबत पाच पानी डिस्चार्ज कार्ड. चौथ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती: 'युरिन कल्चर रिपोर्ट येणे बाकी.' आजोबांना जनरल वॉर्डात खाट मिळाली. रिपोर्ट दोन दिवसांनी आला, पण तो त्या रुग्णालयाच्या फाइलमध्ये. जवळजवळ कोणत्याही अँटिबायोटिकला दाद न देणारा क्लेब्सिएला. आम्हाला कळलं तेव्हा शेजारच्या दोन पेशंटच्या लघवीतही तोच जंतू आला होता. तिघांच्या युरोबॅग (लघवीच्या पिशव्या) एकाच प्लास्टिकच्या मापात रिकाम्या होत होत्या. एकीची झाली की नुसतं पाण्याने खळबळून पुढची.

आम्हाला कळलं तेही योगायोगाने. माझी नर्सिंगची एक बॅचमेट त्या रुग्णालयात होती. तिला मी फोन केला, तिने फाइल काढून रिपोर्ट वाचून दाखवला. दोन मिनिटं लागली. तीच दोन मिनिटं आजोबा अँब्युलन्समध्ये असताना मिळाली असती, तर ते माप वेगळं ठेवता आलं असतं.

पेशंट एका रुग्णालयातून दुसऱ्यात जातो, जंतू त्याच्यासोबत जातो आणि माहिती मात्र मागे राहते. इन्फेक्शन कंट्रोल करणाऱ्यांचा गट बांधायचा तो मुळात यासाठी. परिषदा, व्याख्यानं, प्रमाणपत्रं यांची जागा त्यानंतरची. पुढे लिहिलंय ते असा गट बांधताना आणि दोनदा मोडताना शिकलेलं आहे.

आधी माणसं शोधा, आणि लहान जागांपासून शोधा

गट म्हटलं की मोठी नावं डोळ्यांसमोर येतात: केईएम, सायन, नायर, जेजे, कूपर आणि कॉर्पोरेट रुग्णालयं. तिथली माणसं हवीतच. पण त्यांच्याकडे मायक्रोबायोलॉजी विभाग असतो, कमिटी असते, विचारायला चार जण असतात. खरी एकटी असते ती डायलिसिस सेंटरमधली टेक्निशियन, प्रसूतिगृहातली इनचार्ज सिस्टर, दातांच्या दवाखान्यातली असिस्टंट. तिला प्रश्न पडला तर ती औषध कंपनीच्या प्रतिनिधीला विचारते, आणि तो आपलंच उत्पादन सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत २५० खाटांमागे किमान एक पूर्णवेळ इन्फेक्शन कंट्रोल करणारी व्यक्ती असावी असं म्हटलं, आणि शक्य तिथे १०० खाटांमागे एक असण्याकडे तज्ज्ञांचा कल होता. वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये हे पद कुणाच्या तरी मूळ कामावर चिकटवलेलं असतं. ऑपरेशन थिएटरची, म्हणजे ओटीची, सिस्टर सकाळी केसेस लावते आणि दुपारी इन्फेक्शन कंट्रोलचं रजिस्टर भरते. तिला गटाची गरज आपल्या कुणाहीपेक्षा जास्त आहे.

म्हणून यादी करताना पदव्या बाजूला ठेवा आणि कामं लिहा. कल्चर कोण वाचतं, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) कोण चालवतं, दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांचा हिशेब कोण ठेवतं, डायलिसिसचं आरओ पाणी तपासायला कोण पाठवतं, मावशींना आणि वॉर्डबॉयना पोछा कसा मारायचा ते कोण शिकवतं. हाउसकीपिंग सुपरवायझरला पहिल्या दिवसापासून बोलवा. आमच्या पहिल्या गटात आम्ही फक्त सिस्टर आणि डॉक्टर होतो. साफसफाईबद्दल तासन् तास बोलायचो आणि साफसफाई करणारं कुणीच समोर नसायचं. तो गट सहा महिन्यांत विरला.

सुरुवातीला पाच ते सात जणं पुरेत, पण पाचही वेगवेगळ्या प्रकारच्या जागांमधली हवीत: एक मोठं सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय, एक खासगी, एक नर्सिंग होम, एक डायलिसिस सेंटर, एक लॅब. एकाच साखळीतल्या पाच रुग्णालयांतले पाच जण घेतले तर ती त्यांच्या ऑफिसचीच मीटिंग होते.

वरिष्ठांची परवानगी: तोंडी नको

पालिका आणि सरकारी रुग्णालयांतल्या लोकांनी अधिष्ठाता किंवा अधीक्षकांची, खासगीतल्यांनी मेडिकल डायरेक्टर किंवा मेट्रन मॅडमची लेखी परवानगी घ्यावी. वरिष्ठांना भीती एकच असते, आपल्या रुग्णालयातली गोष्ट बाहेर जाईल. पत्रात त्या भीतीला आधीच उत्तर द्या. आमचं पत्र असं असतं:

'मा. महोदया, शहरातल्या वेगवेगळ्या आरोग्य संस्थांत इन्फेक्शन कंट्रोलचं काम करणाऱ्यांचा अभ्यासगट महिन्यातून एकदा दीड तास भेटतो. गटात कोणत्याही पेशंटचं नाव, आयपीडी नंबर वा छायाचित्र दिलं जात नाही. आपल्या संस्थेतली कोणतीही आकडेवारी आपल्या लेखी संमतीशिवाय मांडली जाणार नाही. प्रत्येक बैठकीचं एक पानी टिपण आपल्याला दुसऱ्या दिवशी देईन. या गटात सहभागी होण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.'

त्या एक पानी टिपणाचं वचन मात्र न चुकता पाळा. दुसऱ्या-तिसऱ्या टिपणानंतर मेट्रन मॅडम स्वतः विचारायला लागतात, 'या वेळी काय झालं गं?' आणि मग ड्युटी बदलून मिळायला अडचण येत नाही.

वरिष्ठांना आकडा लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालातला एक सांगा: तीव्र आजारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० पेशंटपैकी श्रीमंत देशांत सुमारे ७ जणांना, तर कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १५ जणांना उपचारादरम्यान किमान एक इन्फेक्शन होतं. एनएबीएच हे रुग्णालयांच्या दर्जाचं मानांकन असलेल्या किंवा ते घेऊ पाहणाऱ्या रुग्णालयाला हेही सांगा की इन्फेक्शन कंट्रोलचं स्वतंत्र प्रकरण त्या मानकांत आहे आणि बाहेरून शिकून आल्याची नोंद तिथे उपयोगी पडते. पालिका-सरकारी ठिकाणी अशी नोंद 'कायाकल्प' या स्वच्छतेच्या सरकारी योजनेच्या तपासणीत उपयोगी पडते.

कुठे आणि केव्हा भेटायचं

मुंबईत गट टिकतो की नाही हे बरंचसं लोकल ट्रेन ठरवते. बोरिवलीची सिस्टर आणि कल्याणची सिस्टर यांना एकत्र आणायचं तर दादर. पश्चिम आणि मध्य दोन्ही तिथे भेटतात. हार्बरवाल्यांना कुर्ल्याला बदलावं लागतं, त्यांना दर तिसरी बैठक कुर्ला किंवा चेंबूरला द्या. रविवार टाळा. मेगाब्लॉकची गोष्ट आहेच, शिवाय आठवड्यातला एकच दिवस घरच्यांचा असतो आणि आपल्यातल्या बहुतेक जणी बायका आहेत.

आम्हाला महिन्याचा दुसरा शनिवार, दुपारी साडेतीन ते पाच, ही वेळ मानवली. सकाळची ड्युटी सुटलेली असते, गाडीला गर्दी व्हायच्या आत घरी निघता येतं. जागा म्हणून एखाद्या रुग्णालयाची क्लासरूम मागा. हॉटेलचा हॉल नको, त्याचं बिल कुणीतरी भरतं आणि मग त्याचं ऐकावं लागतं. नाइट करून आलेल्या सिस्टरला बैठकीला थांबायचा आग्रह कधीच करू नका. तिच्यासाठी टिपण आहे.

व्हॉट्सॅप ग्रुपचे नियम पहिल्याच दिवशी

रोजचा गट फोनमध्येच चालतो, म्हणून नियम आधी लिहा आणि ग्रुपच्या माहितीत चिकटवा. आमचे असे आहेत.

पेशंटचं नाव, नंबर, चेहरा, टॅटू, खाटेचा क्रमांक, काहीही नाही. रिपोर्टचा फोटो टाकायचा तर वरची पट्टी कापून. नुसतं पेनने खोडलेलं नाव झूम करून वाचता येतं. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण कायदा नसता तरी हा नियम असताच. रुग्णालयाचं नाव घेऊन साथीची चर्चा नाही. 'दक्षिण मुंबईतल्या त्या अमुक ठिकाणी' असंही नाही, कारण ते अमुक ठिकाण सगळ्यांना कळतं. उत्पादनांची जाहिरात नाही. शुभ सकाळ नाही. रात्री दहानंतर फक्त तातडीचं.

प्रश्न विचारायची पद्धतही ठरवून द्या, नाहीतर उत्तरं भरकटतात. 'ऑटोक्लेव्हचा प्रॉब्लेम आहे, कुणी सांगेल का?' या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनबद्दलच्या प्रश्नावर वीस मेसेज येतात आणि एकही कामाचा नसतो. त्याऐवजी चार ओळी: जागा कोणत्या प्रकारची, काय दिसलं, आत्तापर्यंत काय केलं, कधीपर्यंत उत्तर हवं. 'पंचवीस खाटांचं प्रसूतिगृह. सकाळच्या बोवी-डिक टेस्टमध्ये कागदाचा मधला भाग फिका राहिला. मशीन बंद ठेवलंय, मेकॅनिकला फोन केलाय. उद्या दोन सिझेरियन आहेत, दुपारपर्यंत सांगा.' या प्रश्नाला आमच्याकडे अकरा मिनिटांत उत्तर मिळालं: शेजारच्या रुग्णालयाच्या सीएसएसडीने सामानाचे ड्रम निर्जंतुक करून द्यायची तयारी दाखवली. बोवी-डिक टेस्ट म्हणजे मशीनमध्ये वाफ सगळीकडे पोचते का याची चाचणी. फिका मध्यभाग म्हणजे आत हवा अडकली आहे, वाफ सगळीकडे पोचली नाही. त्या सिस्टरने मशीन बंद ठेवलं हे तिचं शहाणपण. गटाने फक्त पुढचा रस्ता दिला.

आणि उत्तर देणाऱ्याने 'मला वाटतं' आणि 'मार्गदर्शक सूचनेत आहे' यातला फरक लिहायचाच. आरोग्य मंत्रालयाच्या जानेवारी २०२० च्या राष्ट्रीय इन्फेक्शन कंट्रोल मार्गदर्शक सूचना सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पहिली बैठक: एक बादली पुरते

पहिल्या बैठकीला पाहुणा वक्ता बोलवू नका. गटाला आपण एकमेकींकडून शिकू शकतो हे त्या दिवशी कळलं पाहिजे.

दुसऱ्यांदा गट बांधताना आम्ही एवढंच केलं: प्रत्येकीने आपल्याकडे एक टक्का हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) जसं बनवतात, तसं टेबलावर बनवून दाखवायचं. एक बादली, पाण्याचा जग, मोजमापाचा मग आणि पाच टक्क्यांची बाटली. पहिल्या सिस्टरने एक लिटरला चार लिटर पाणी घातलं. बरोबर. दुसरी म्हणाली, आमच्याकडे एकाला नऊ. तिच्याकडे पूर्वी दहा टक्क्यांची बाटली यायची, पुरवठादार बदलला, बाटली पाच टक्क्यांची आली आणि भिंतीवरचा तक्ता तोच राहिला. म्हणजे कित्येक महिने त्या वॉर्डात अर्धा टक्का द्रावण वापरलं जात होतं. तिसऱ्या जागेहून हाउसकीपिंगच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी बाटलीचं झाकण भरून बादलीत ओतलं, एकदा, दोनदा, आणि म्हणाल्या, 'वास आला की झालं.'

कुणी हसलं नाही. त्या मावशींना मगवर रेघ मारून कुणी दिलीच नव्हती. त्या दिवशी तिथेच सात मगांवर मार्करने रेघा मारल्या गेल्या आणि तक्त्याचं वाक्य बदललं: 'बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा.' पाचची असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. दहाची असेल तर एक भाग औषध, नऊ भाग पाणी. रोज ताजं, झाकलेलं, उन्हापासून लांब, आणि डब्यावर बनवल्याची तारीख-वेळ.

असे एकेका बैठकीचे विषय भरपूर आहेत. प्रत्येकीने आपल्याकडची हँडरब (हातांना चोळायचं जंतुनाशक) डिस्पेन्सरची जागा सांगायची: पेशंटच्या खाटेपासून हात लांबवून पोचते का, की दाराबाहेर टांगली आहे? दातांच्या दवाखान्यातला हँडपीस दोन पेशंटच्या मधे नुसता पुसला जातो की ऑटोक्लेव्ह होतो? डायलिसिसला हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह पेशंटचं मशीन वेगळं आहे, पण त्या मशीनवरची टेक्निशियन त्याच शिफ्टमध्ये निगेटिव्ह पेशंटकडे जाते का? प्रश्न आपल्या टेबलावरचे असले की बोलायला कुणी लाजत नाही.

रात्री दोन वाजता सुई टोचली तर

गटाने पहिल्या तीन महिन्यांत करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणून मी हे सांगेन. प्रत्येक सदस्याने आपापल्या जागेसाठी एका प्रश्नाचं उत्तर लिहून आणायचं: आत्ता रात्रीचे दोन वाजलेत, मावशींना कचऱ्याच्या पिशवीतली सुई टोचली, पेशंटच्या एचआयव्हीची माहिती नाही. पहिली गोळी कुठे मिळेल?

पीईपी, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायची गोळी, जितकी लवकर तितकी उपयोगी, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर तिचा फायदा धरत नाहीत, आणि कोर्स २८ दिवसांचा. मोठ्या रुग्णालयांत कॅज्युअल्टीत सोय असते. नर्सिंग होममध्ये बहुतेक वेळा नसते, आणि तिथली मावशी सकाळी सुपरवायझर येईपर्यंत कुणाला सांगतच नाही. आमच्या गटाने लोकलच्या लाइनप्रमाणे यादी केली: कोणत्या भागात चोवीस तास पीईपीचा पहिला डोस मिळतो, तिथे कुठल्या खिडकीवर जायचं, काय कागद लागतो. ही यादी दर तीन महिन्यांनी एक जण प्रत्यक्ष फोन करून तपासते, कारण खिडक्या बदलतात. यादी प्रत्येक ठिकाणी औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली आहे.

त्याच कागदावर हिपॅटायटिस बी लसीची ओळ आहे. तीन डोस: आज, एक महिन्यानंतर, सहा महिन्यांनंतर. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर (लस लागू पडली का याची रक्ततपासणी), आणि तो १० किंवा त्याहून जास्त हवा. कंत्राटी कामगारांच्या याद्या नेहमी अर्धवट असतात. पहिला डोस झालेला असतो, दुसऱ्याच्या आत कंत्राटदार बदलतो.

पेशंट हलवण्याची चिठ्ठी

हे त्या आजोबांचं ऋण. गटाने मिळून एक अर्ध्या पानाची चिठ्ठी बनवावी आणि सगळ्यांनी तीच वापरावी. आमच्या चिठ्ठीत एवढंच असतं: कोणती नळी किंवा लाइन आत आहे आणि कोणत्या तारखेला टाकली, गेल्या तीन महिन्यांत कोणता रेझिस्टंट (अँटिबायोटिकला दाद न देणारा) जंतू सापडला, कोणत्या कल्चरचा रिपोर्ट यायचा आहे आणि तो आल्यावर कोण कुणाला कळवणार, जुलाब किंवा उघडी जखम आहे का, टीबीची शंका आहे का, आणि कोणती खबरदारी चालू होती. खाली पाठवणाऱ्या सिस्टरचा वॉर्डातला फोन.

'कोण कुणाला कळवणार' ही ओळ भरली नाही तर चिठ्ठी अर्धीच. कल्चर बाकी असेल तर अँब्युलन्स निघायच्या आधी फोन. पेशंटच्या आधी फोन पोचला तर खाट बदलता येते, पेशंट एकदा जनरल वॉर्डात झोपला की कुणी खाट बदलत नाही. कँडिडा ऑरिससारख्या बुरशीच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं आहे. ती पहिल्यांदा २००९ साली जपानमधून नोंदली गेली, खाटेच्या कठड्यावर आणि मॉनिटरवर दिवसेंदिवस टिकते, आणि रोजच्या वापरातली काही जंतुनाशकं तिच्यावर चालत नाहीत. आधी कळलं तर क्लोरीनची तयारी ठेवता येते.

आणि ही चिठ्ठी पेशंटला दाखल न करून घेण्यासाठी वापरायची नाही. गटात हे स्पष्ट ठरवा. एखाद्या नर्सिंग होमने चिठ्ठी वाचून पेशंट परत पाठवला, तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही. रेझिस्टंट जंतू असला तरी वेगळी खोली, वेगळं माप, हातमोजे, गाउन आणि हात धुणं यावर काळजी घेता येते.

आकडे मांडायचे तर सगळ्यांची फूटपट्टी एक हवी

सहा महिन्यांनी आकड्यांकडे वळा, त्याआधी नको. सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीचं) इन्फेक्शन मोजताना एक जण दर १०० पेशंटमागे सांगतो, दुसरा दर १,००० लाइन-दिवसांमागे, आणि दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात. लाइन-दिवस मोजणं अवघड नाही: रोज ठरलेल्या एकाच वेळी वॉर्डात किती पेशंटना सेंट्रल लाइन आहे ते मोजा, एका पेशंटला दोन लाइन असल्या तरी एकच धरा, महिन्याची बेरीज करा. ६०० लाइन-दिवसांत ३ इन्फेक्शन म्हणजे दर १,०००ला ५. लघवीची नळी आणि व्हेंटिलेटर यांचीही रीत अशीच.

पण लहान जागांचे आकडे फसवतात. महिन्यात ४० लाइन-दिवस असलेल्या नर्सिंग होममध्ये एकच इन्फेक्शन झालं तरी दर २५ येतो. तिला मोठ्या आयसीयूशेजारी बसवून 'तुमचं बघा' म्हटलं तर ती सिस्टर पुढच्या महिन्यात येणार नाही, किंवा इन्फेक्शन लिहिणार नाही. दुसरं जास्त वाईट. म्हणून आमच्या गटात कुणाची कुणाशी तुलना नाही. प्रत्येकजण आपलाच गेल्या सहा महिन्यांचा आलेख आणते आणि त्यात काय बदललं ते सांगते.

याहून जास्त शिकवते ती एकमेकींकडची फेरी. दोघी जणी तिसरीच्या वॉर्डात परवानगी घेऊन एक तास फिरतात. फोन पिशवीत. स्टाफसमोर एक शब्दही टीका नाही. शेवटी तीन चांगल्या गोष्टी आणि दोनच सुधारणा, त्याही फक्त तिला. आपल्या वॉर्डातली गळती टाकी आपल्याला रोज बघून दिसेनाशी होते, दुसरीला दारातूनच दिसते.

मुंबईचं वर्ष

मे महिन्याची बैठक पावसाची. ५ मे हा हातांच्या स्वच्छतेचा जागतिक दिवस असतो, तो साजरा करा, पण बैठकीत ओटीच्या फॉल्स सीलिंगवरचे ओले डाग, एसीच्या डक्ट, पाण्याच्या टाक्या आणि जनरेटर यांची तपासणी ठरवा. ओल्या सीलिंगमधली बुरशी ओटीत उतरली तर पाऊस संपेपर्यंत ओटी बंद ठेवायची वेळ येते. जैववैद्यकीय कचऱ्याची गाडी पाणी तुंबलं की अडकते, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या दिवसांत गाडी आली नाही तर कुणाला कळवायचं हे आधीच माहीत हवं. जून-जुलैपासून ताप वाढतात: डेंग्यू, मलेरिया, लेप्टो. कॅज्युअल्टीत भीतीने लेप्टोच्या पेशंटला वेगळ्या खोलीत कोंडतात आणि खोकणारा टीबीचा संशयित बाकावर बसून राहतो. लेप्टो सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. वेगळी, खेळत्या हवेची जागा खोकणाऱ्याला हवी असते.

साथीचा वास आला तर गट म्हणजे सरकारी यंत्रणा नव्हे, हे लक्षात असू द्या. टीबीची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि गोवर वा कॉलराची शंका आली तर पहिला फोन वॉर्डाच्या मेडिकल ऑफिसर हेल्थकडे, गटाकडे नंतर. गटाचं काम शंका वेळेवर ओळखणं. १८९६ सालच्या प्लेगचे सुरुवातीचे रुग्ण मांडवीत ओळखले ते तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. वस्तीतल्या दवाखान्यातून आलेली खबर होती ती. म्हणून लहान दवाखान्यातल्या सदस्याने 'या आठवड्यात अंगावर पुरळ असलेली चार मुलं आली' असं लिहिलं, तर त्याला 'असेल ऋतू' म्हणून उडवून लावू नका.

पैसा, नोंदणी, मोठ्या संस्था

पहिली दोन वर्षं नोंदणी करू नका. चहा-बिस्किटांची वर्गणी आणि एक वही पुरते. पुढे कार्यशाळा घ्यायच्या, क्रेडिट पॉइंट मिळवून द्यायचे, बँकेत खातं हवं, तेव्हा सोसायटी नोंदवा. १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. सातही जण एकाच रुग्णालयातले नसावेत.

कंपन्यांचे पैसे घ्यायचे की नाही यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. निर्णय असा: उत्पादन बघायला मिळावं म्हणून दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांना एकाच दिवशी बोलवायला हरकत नाही, जेवण आणि पिशव्या मात्र घ्यायच्या नाहीत. मला तो आजही योग्य वाटतो.

देशपातळीवर हॉस्पिटल इन्फेक्शन सोसायटी इंडिया आहे, जगात इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ इन्फेक्शन कंट्रोल आणि अमेरिकेतली १९७२ पासूनची एपिक ही इन्फेक्शन कंट्रोल करणाऱ्यांची संघटना. सगळ्यांनी सगळीकडे सभासद व्हायची गरज नाही. गटातले दोघं-तिघं सभासद झाले आणि परिषदेहून आल्यावर अर्धा तास मराठीत सांगितलं, तरी पुरतं. मराठीत सांगण्यावर माझा भर आहे. मावशींच्या सुपरवायझरला 'ट्रान्समिशन-बेस्ड प्रिकॉशन' म्हटलं तर तो मान हलवतो. 'हा पेशंट शिवाशिवीतून पसरवणारा, तो हवेतून पसरवणारा' म्हटलं तर तो विचारतो, 'मग याच्या खोलीचा पोछा वेगळा का?' तिथून शिकवणं सुरू होतं.

माणसं जातात, त्याची तयारी

आपल्यातल्या सिस्टर आखातात जातात, इंग्लंड-आयर्लंडला जातात, पालिकेत बदली होते, बाळंतपणाची रजा लागते. आमचा पहिला गट मोडला त्याला हेही कारण होतं: सगळे फोन नंबर, सगळी परवानगीची पत्रं एकीच्या डोक्यात आणि एकीच्या ईमेलमध्ये होती, आणि ती परदेशी गेली. म्हणून समन्वयक नेहमी दोन, वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या, आणि दोघींची मुदत एकाच वेळी संपू द्यायची नाही.

एक जाड वही ठेवा. पहिल्या पानावर प्रत्येक जागेचा नंबर, पण माणसाचा नाही, टेबलाचा: 'अमुक नर्सिंग होम, दुसरा मजला, सिस्टर स्टेशन, चोवीस तास.' माणूस बदलला तरी तो फोन कुणीतरी उचलतं. दुसऱ्या पानावर पीईपीची यादी आणि ती शेवटची कुणी, कधी तपासली. तिसऱ्यावर चिठ्ठीचा नमुना. पुढची पानं बैठकींची. जाणाऱ्या समन्वयकाने नवीन आलेलीला सोबत घेऊन पहिल्या पानावरचा प्रत्येक नंबर एकदा फिरवायचा. ओळख करून द्यायची आणि समोरच्या सिस्टरला एकच गोष्ट विचारायची: तुमच्याकडून बाहेर गेलेल्या एखाद्या पेशंटचा रिपोर्ट यायचा बाकी आहे का?